मर्यादित खर्चात आणि मर्यादित कॅलरींत पुरेशी प्रथिने कशी बसवावीत?

अर्धपोटी

वजन कमी करण्याचे मनावर घेतल्यापासून मी जे काही खातो ते काट्यावर ठेवून लिहून घेतो. त्या नोंदींवरून एक अडचण वारंवार समोर येते आहे आणि तिच्याविषयी येथील जाणकारांचे मत हवे आहे. माझे वजन ७२ किलो आहे. दिवसाला १७०० कॅलरींच्या आत राहायचे असे ठरवले आहे. वजने उचलण्याचा व्यायामही नियमित चालू आहे, त्यामुळे चरबीबरोबर स्नायूही झडू नयेत म्हणून रोज साधारण १०० ग्रॅम प्रथिने पोटात जावीत अशी माझी इच्छा आहे. मी मांस आणि मासे खात नाही. अंडी आणि दूध चालते, मात्र अंडी आजवर क्वचितच खाल्ली आहेत. खाण्यावरचा खर्च आहे त्यापेक्षा वाढवणे मला शक्य नाही.

माझा नेहमीचा दिवस असा असतो: अर्धा लिटर सायीचे दूध, ६० ग्रॅम शेंगदाणे, कोरडी मोजलेली ८० ग्रॅम डाळ, दोन्ही जेवणांचे मिळून २५० ग्रॅम धान्य, भाज्या आणि दोन मोठे चमचे तेल. याची बेरीज सुमारे २१०० कॅलरी आणि ८० ग्रॅमच्या आतबाहेर प्रथिने अशी येते. धान्य कमी केले की कॅलरी उतरतात, पण त्याबरोबर प्रथिनेही उतरतात. डाळ किंवा शेंगदाणे वाढवले की प्रथिने चढतात, पण कॅलरी त्याहून अधिक वेगाने चढतात. दोन्ही आकडे एकाच वेळी हवे तिथे आणायचे असतील तर ताटात नेमका काय फेरफार करावा? प्रथिनांची भुकटी घेतल्याशिवाय हे जमणारच नाही, असे व्यायामशाळेतील मंडळी सांगतात. ते कितपत खरे आहे?

तागडी

तुमच्या नोंदी व्यवस्थित आहेत, म्हणूनच उत्तर देणे सोपे आहे. तुमच्या ताटातला प्रत्येक पदार्थ चांगलाच आहे. पण त्यांपैकी एकही पदार्थ असा नाही, ज्यात कॅलरींच्या मानाने प्रथिने खरोखर जास्त आहेत. १७०० कॅलरींत १०० ग्रॅम म्हणजे दर १०० कॅलरींमागे जवळजवळ ६ ग्रॅम प्रथिने झाली. ही दिवसाची सरासरी आहे. ज्या पदार्थात दर १०० कॅलरींमागे ६ ग्रॅमपेक्षा कमी प्रथिने असतील तो ही सरासरी खाली ओढतो, मग त्याची ख्याती काहीही असो. शेंगदाण्यात हे प्रमाण साडेचारच्या आसपास आहे, सायीच्या दुधात पाचाच्या किंचित वर, गव्हात चाराच्या आतबाहेर आणि तांदळात जेमतेम दोन. तुमच्या यादीत एकटी डाळच सातापर्यंत पोहोचते. मग बेरीज जमणार कशी?

खर्च आणि कॅलरी हे दोन्ही प्रश्न एकाच वेळी सोडवायचे असतील तर मी एक साधा हिशेब सुचवतो. केवळ एका पदार्थातून १०० ग्रॅम प्रथिने मिळवायची झाली, तर तो किती विकत घ्यावा लागेल आणि त्यातून किती कॅलरी येतील, हे मांडून पाहावे. कोणी दिवसभर एकच पदार्थ खावा असे अर्थातच मला म्हणायचे नाही. पण या कसोटीवर सगळे पदार्थ एका रांगेत उभे राहतात आणि जाहिरातीची भाषा आपोआप गळून पडते.

सोयाबीनच्या कोरड्या वड्या २०० ग्रॅम लागतात आणि त्यांतून ६८० कॅलरींच्या आसपास येतात. मसूर किंवा तत्सम डाळ ४०० ग्रॅम लागते आणि कॅलरी होतात १४००. अंडी १६ लागतात, कॅलरी सुमारे ११५०. साय पूर्ण काढलेले दूध ३ लिटर लागते आणि त्यातून हजारभर कॅलरी येतात. तेच ३ लिटर सायीचे असले तर कॅलरी १८०० च्या पुढे जातात. साय काढलेल्या दुधाची भुकटी २८० ग्रॅम लागते, कॅलरी हजारभरच. शेंगदाणे ४०० ग्रॅमला थोडे कमी लागतात, पण कॅलरी होतात २२००. बदाम तर पावणेपाचशे ग्रॅम लागतात आणि कॅलरी २७०० च्या पलीकडे जातात. त्यांच्या किमतीविषयी न बोललेलेच बरे. तुम्ही खात नसलात तरी इतर वाचकांसाठी लिहून ठेवतो: कोंबडीच्या छातीचे कातडी काढलेले कच्चे मांस साडेचारशे ग्रॅम लागते आणि त्यातून जेमतेम साडेपाचशे कॅलरी येतात.

आता या प्रत्येक मापाची तुमच्या बाजारातली किंमत शेजारी लिहा. भाव मी मुद्दामच लिहीत नाही, कारण ते जागेप्रमाणे आणि हंगामाप्रमाणे बदलतात. मापे मात्र सगळीकडे तीच राहतात. एक गोष्ट या मांडणीतून लगेच लक्षात येते. सोयाच्या वड्यांचा किलोचा भाव डाळीच्या दुप्पट असला, तरी प्रथिनांच्या हिशेबाने दोन्ही सारख्याच पडतात आणि कॅलरी मात्र निम्म्याहून कमी लागतात. पाकिटावरची किंमत पाहून आपण डाळ स्वस्त आणि वड्या महाग असे ठरवतो, तेव्हा आपण पदार्थाच्या वजनाचा भाव पाहत असतो, प्रथिनांचा नव्हे.

या कसोटीला एक मर्यादा आहे, तीही सांगतो. पालक किंवा अळिंबी यांच्यात दर १०० कॅलरींमागे १२ ते १४ ग्रॅम प्रथिने निघतात आणि ते वाचून कित्येक जण हरखून जातात. पण त्या १०० कॅलरींसाठी पालक ४०० ग्रॅमहून अधिक खावा लागतो. भाजी पोट भरण्यासाठी भरपूर खावी, प्रथिनांच्या खात्यात तिची फारशी आशा धरू नये.

तुमच्यासाठी एक दिवस मांडून दाखवतो. सोयाच्या कोरड्या वड्या ५० ग्रॅम घेतल्या तर २५-२६ ग्रॅम प्रथिने आणि १७० कॅलरी मिळतात. तीन अंड्यांतून १९ ग्रॅम आणि २१५ कॅलरी येतात. अर्धा लिटर साय काढलेल्या दुधातून किंवा तेवढ्याच दुधाच्या दह्यातून १७ ग्रॅम आणि १७५ कॅलरी येतात. डाळ आहे तेवढीच, म्हणजे ८० ग्रॅम ठेवा. तिचे १९ ग्रॅम आणि २८० कॅलरी होतात. एवढ्यानेच ८० ग्रॅमचा टप्पा गाठला आणि खर्ची पडल्या ८४० कॅलरी. धान्य २५० ऐवजी १५० ग्रॅम घ्या, त्याचे सुमारे १५ ग्रॅम आणि ५२५ कॅलरी येतील. भरपूर भाज्यांचे ६ ग्रॅम आणि १२० कॅलरी, चार छोटे चमचे तेलाच्या १६० कॅलरी आणि एका लहान फळाच्या ६० धरल्या, तर १७०० कॅलरींच्या आसपास १०० ग्रॅमचा आकडा पूर्ण होतो. शेंगदाणे आणि साय यांवर जे पैसे जात होते ते अंडी आणि वड्यांकडे वळतात, त्यामुळे एकूण खर्चात फार फरक पडू नये.

तेलाविषयी एक शब्द. एका मोठ्या चमच्यात १२० कॅलरी असतात आणि त्यात प्रथिनांचा अंशही नसतो. बाटलीतून थेट कढईत धार सोडण्याची सवय असेल तर मोजलेल्या प्रत्येक गोष्टीचा हिशेब त्या एका धारेत वाहून जातो. तेल चमच्यानेच घ्यावे.

मध्यमा

वरच्या प्रतिसादातली मांडणी मला पटली, पण तिच्या आधीचा एक प्रश्न कोणी विचारलाच नाही: १०० ग्रॅम हा आकडा आला कोठून? खर्चाची ओढाताण असेल तर आधी गरज तपासावी आणि मग खरेदीला निघावे.

जागतिक आरोग्य संघटना, अन्न व कृषी संघटना आणि संयुक्त राष्ट्र विद्यापीठ यांच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात निरोगी प्रौढांसाठी शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम ही सुरक्षित पातळी दिली आहे. तुमच्या वजनाला ती ६० ग्रॅम होते. मात्र ही पातळी, जो माणूस पोटभर खातो आणि ज्याचे वजन स्थिर आहे, त्याच्यासाठी आहे. कॅलरी कमी केल्या की शरीर ऊर्जेसाठी प्रथिनेही जाळू लागते, त्यामुळे वजन उतरवण्याच्या काळात आणि विशेषतः स्नायूंवर ताण देणारा व्यायाम चालू असताना किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम घ्यावीत असे सामान्यतः सुचवले जाते. तुमच्यासाठी हा पल्ला ८६ ते ११५ ग्रॅम असा येतो. म्हणजे १०० हा आकडा अवाजवी नाही, पण तो मधला आहे आणि ९० ग्रॅम मिळाली तरी काही बिघडत नाही. १.६ च्या वर गेल्याने स्नायूंना मिळणारा जादा फायदा फार थोडा असतो असा बहुतेक अभ्यासांचा कल आहे. व्यायामशाळेत किलोमागे दोन-अडीच ग्रॅम सांगणारे भेटतात. स्पर्धेसाठी शरीर कोरणाऱ्यांना त्याचा काही उपयोग असेलही, परंतु ज्याला पंधरवड्याच्या किराण्याची चिंता आहे त्याने त्या आकड्यामागे धावू नये.

ज्यांचे वजन उंचीच्या मानाने बरेच जास्त आहे त्यांनी हा गुणाकार आजच्या वजनाने करण्याऐवजी जिथे पोहोचायचे आहे त्या वजनाने करावा, कारण चरबीच्या पेशींना स्नायूंइतकी प्रथिने लागत नाहीत. ११० किलोच्या माणसाने सरसकट १.६ ने गुणले तर त्याच्यासमोर १७६ ग्रॅमचा डोंगर उभा राहतो आणि तो पहिल्याच आठवड्यात नाद सोडून देतो. उलट बाजूने, वयस्कर माणसांना मात्र किलोमागे ०.८ पुरत नाही. १ ते १.२ ग्रॅम असावीत असे वार्धक्याचा अभ्यास करणारे तज्ज्ञ सांगतात, आणि नेमके त्याच वयात दात, भूक आणि एकटेपणा यांमुळे ताटातली प्रथिने सर्वांत कमी होतात.

मूत्रपिंडाचा जुनाट आजार असलेल्या व्यक्तीने या चर्चेतला कोणताही आकडा परस्पर उचलू नये. तिथे प्रथिने किती घ्यायची हे आजाराच्या टप्प्यावर अवलंबून असते आणि ते डॉक्टरच ठरवतात. निरोगी मूत्रपिंडांना एवढ्या प्रमाणाने इजा होते असे मात्र दिसून आलेले नाही.

मंदाग्नी

दोन्ही प्रतिसाद वाचले. कागदावर सगळे छान जमते. पण सोयाच्या वड्या पहिल्यांदा करून पाहणारे दहापैकी सात-आठ जण त्यांचा वास आणि चोथट चव सहन न होऊन पाकीट फडताळात ढकलून देतात. हा माझा अंदाज आहे, पाहणी नव्हे. म्हणून थोडे स्वयंपाकाविषयी लिहितो.

वड्या उकळत्या पाण्यात चिमूटभर मीठ घालून पाच-सात मिनिटे शिजवाव्यात, ते पाणी फेकून द्यावे, गार पाण्याने दोनदा धुवाव्यात आणि मग मुठीत धरून अगदी घट्ट पिळाव्यात. पहिल्या पिळण्यात फेसाळ, पिवळसर पाणी निघते. त्यातच तो कच्चट वास असतो. पिळल्यावर वडी स्पंजासारखी हलकी लागली पाहिजे. या रिकाम्या वडीत आता आपण जे घालू ते ती शोषून घेते, त्यामुळे दह्यात, आल्या-लसणात किंवा टोमॅटोच्या रसात ती अर्धा तास मुरू द्यावी. याच गुणाचा तोटाही आहे: न मुरवता थेट तेलात टाकली तर ती तेल पिते, आणि तळलेल्या वडीचा कॅलरींचा हिशेब तागडी यांच्या आकड्यांपेक्षा पार वेगळा होतो. मुरवलेली वडी तव्यावर एक छोटा चमचा तेलात कडा खरपूस होईपर्यंत परतली, तर चव कुठेच कमी पडत नाही. ज्यांना वडीचा आकारच आवडत नाही त्यांनी बारीक दाणेदार सोया घ्यावा आणि तो डाळीत किंवा भाजीत मिसळावा. कित्येकांना तो खाताना कळतही नाही.

कडधान्यांच्या बाबतीत पोटाची तक्रार ही सर्वांत मोठी अडचण असते. रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा आपल्या लहान आतड्यात पचत नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या आंबवतात आणि वायू होतो. कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी ओतून द्यावे आणि ताज्या पाण्यात शिजवावे, म्हणजे या शर्करांचा काही भाग निघून जातो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रमाण हळूहळू वाढवावे. आजवर मूठभर खाणाऱ्याने एकदम दुप्पट-तिप्पट खाल्ले तर त्याचे पोट बंड करणारच; दोन-तीन आठवड्यांत ते बऱ्यापैकी सरावते.

राजम्याविषयी स्पष्ट इशारा देतो. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन हे विषारी द्रव्य असते आणि मोजके दाणेही उलट्या-जुलाबांना पुरतात. तो किमान पाच तास भिजवून, पाणी बदलून, चांगल्या खळखळत्या उकळीवर अर्धा तास तरी शिजवावा आणि पुढे मऊ होईपर्यंत शिजू द्यावा. मंद आचेवर तासन् तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात तो थेट टाकू नये, कारण तिथले तापमान विष नष्ट होण्याइतके चढेलच असे नाही. प्रेशर कुकरमध्ये ही भीती उरत नाही.

मोड आणण्याविषयीही एक समज फार पसरला आहे. मोड आल्याने कडधान्यातली प्रथिने वाढत नाहीत. पचायला ते हलके होते आणि क जीवनसत्त्व वाढते, हे खरे. पण दाणा पाणी पितो, त्यामुळे १०० ग्रॅम मोडाच्या कडधान्यात १०० ग्रॅम कोरड्या कडधान्यापेक्षा प्रथिने कितीतरी कमी भरतात. मोड जरूर काढा, मोजमाप मात्र भिजवण्याआधी करा.

अंडी कच्ची पिण्याचा प्रकार व्यायामशाळांमध्ये अजून दिसतो. शिजवलेल्या अंड्यातली प्रथिने नव्वद टक्क्यांच्या आसपास पचतात, कच्च्यातली जवळपास निम्मीच. ज्याने काटकसर करायची आहे त्याने अर्धे अंडे असे वाया का घालवावे? पिवळा बलकही उगाच फेकू नये. एका अंड्यातल्या ६ ग्रॅमपैकी सुमारे पावणेतीन ग्रॅम प्रथिने बलकात असतात आणि बरीचशी जीवनसत्त्वेही तिथेच असतात. कॅलरी फारच आवळायच्या असतील तर दोन पूर्ण अंडी आणि एकाचा नुसता पांढरा भाग असा मध्यममार्ग काढता येतो.

दुधाची साय घरी काढायची असेल तर दूध उकळून, पूर्ण गार करून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावे आणि वरचा जाड थर अलगद उचलावा. याने स्निग्धांश बराच उतरतो, पूर्ण जात नाही. तेव्हा हिशेबात ते दूध साय काढलेल्या पिशवीतल्या दुधाइतके हलके धरू नये. होमोजिनाइज्ड, म्हणजे स्निग्धांश बारीक फोडून एकजीव केलेल्या, दुधावर साय फारशी धरतच नाही, त्यामुळे ते घेत असाल तर थेट कमी स्निग्धांशाचेच विकत घेणे बरे.

रसायन

भुकटीचा प्रश्न राहिला आहे. व्हे (दूध फाटल्यावर उरणारी निवळी) प्रथिनांच्या भुकटीत १०० ग्रॅमला ७५ ते ८० ग्रॅम प्रथिने आणि सुमारे ४०० कॅलरी असतात. म्हणजे तागडी यांच्या कसोटीवर १३० ग्रॅम भुकटीतून १०० ग्रॅम प्रथिने आणि पाचशेच्या किंचित वर कॅलरी. कॅलरींच्या बाजूने ही फारच सरस आहे, हे मान्य केले पाहिजे. पण ती दुधातूनच काढलेली असते, तिच्यात स्नायूंसाठी वेगळी जादू नसते आणि तिच्यावाचून जमत नाही हे विधान वरच्या मांडणीने खोटे ठरलेच आहे. ज्यांना स्वयंपाकाला वेळच नाही किंवा जे १२००-१३०० कॅलरींवर आहेत, त्यांच्यासाठी ती सोयीची वस्तू आहे. किंमत काढताना डब्याच्या वजनाने न काढता डब्यातल्या एकूण प्रथिनांच्या वजनाने काढा, आणि मग अंडी व साय काढलेल्या दुधाच्या भुकटीशी तुलना करा. दुधाची भुकटी या बाबतीत दुर्लक्षित राहते. तिच्यात ३६ टक्के प्रथिने असतात आणि ती दह्यात किंवा पिठात सहज मिसळते. दुधातली शर्करा ज्यांना पचत नाही त्यांनी मात्र तिच्या वाटेला जाऊ नये.

फार स्वस्त मिळणाऱ्या भुकटीविषयी सावध राहावे, आणि त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पदार्थातली प्रथिने मोजण्याची रूढ पद्धत योहान केल्डाल या डॅनिश रसायनतज्ज्ञाने १८८३ साली मांडली. तिच्यात प्रथिने प्रत्यक्ष मोजली जात नाहीत. नायट्रोजन मोजला जातो आणि त्याला साधारणपणे ६.२५ ने गुणले जाते. त्यामुळे नायट्रोजन असलेले दुसरे काहीही मिसळले तरी आकडा फुगतो. २००८ साली चीनमध्ये दुधात मेलामाइन मिसळल्याचे उघड झाले आणि सुमारे तीन लाख बालके बाधित झाली, ते याच पळवाटेमुळे. व्यायामाच्या भुकट्यांमध्ये मेलामाइन नसले, तरी ग्लायसीन किंवा टॉरिन यांसारखी स्वस्त अमिनो आम्ले (प्रथिने ज्या घटकांची बनतात तसले सुटे घटक) घालून लेबलवरचा आकडा वाढवण्याची युक्ती केली जाते. घटकांच्या यादीत ही नावे वेगळी लिहिलेली दिसली तर तो डबा खाली ठेवावा. कोलॅजेनच्या भुकटीचेही तसेच आहे: तिच्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतेच, त्यामुळे त्वचेसाठी कोणी घेत असेल तर तो प्रश्न निराळा, पण दिवसाच्या प्रथिनांत तिचे ग्रॅम पूर्ण किमतीने धरू नयेत.

तागडी यांचा कॅलरींमागे प्रथिने पाहण्याचा नियम प्रथिनयुक्त म्हणवणाऱ्या बिस्किटांना आणि प्रोटीन बारनाही लावा. लेबलवर प्रथिनांचे ग्रॅम आणि कॅलरी दोन्ही दिलेले असतात. ज्या बारमध्ये २०० कॅलरी आणि ८ ग्रॅम प्रथिने आहेत त्याचे प्रमाण गव्हाइतकेच झाले, आणि किंमत गव्हाच्या किती पट आहे ते आपणच पाहावे.

शाकाहारी प्रथिने अपुरी असतात, हा आक्षेप येथे कोणीतरी घेईलच, म्हणून आधीच लिहितो. धान्यांत लायसीन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते आणि कडधान्यांत मेथिओनीन हे दुसरे. दोन्ही खाल्ली की एकाची उणीव दुसरे भरून काढते, आणि त्यासाठी ती एकाच घासात किंवा एकाच जेवणात असण्याची गरज नसते. दिवसभरात दोन्ही पोटात गेली की झाले. सोयाबीनमध्ये ही उणीव जवळजवळ नसते. अर्धपोटी यांच्या ताटात अंडी, दूध आणि सोया असे तिन्ही आल्यावर या विषयात वेळ घालवण्याचे कारण उरत नाही.

अर्धपोटी

सर्वांचे मनापासून आभार. मी लक्ष्य ९० ते १०० असे सैल करतो आणि तागडी यांच्या मांडणीप्रमाणे खरेदी करून पाहतो. तीन शंका उरल्या आहेत. घरातील एक ज्येष्ठ व्यक्ती थायरॉइडची गोळी रोज सकाळी घेते. तिला सोया चालेल का? दुसरे, सोयाने पुरुषांच्या संप्रेरकांवर परिणाम होतो असे सर्रास ऐकू येते, त्यात तथ्य किती? आणि तिसरी शंका हिशेबाची आहे: घरात डाळ एकाच पातेल्यात सगळ्यांची शिजते, तेव्हा माझ्या वाटीत कोरडी डाळ नेमकी किती आली हे कसे ओळखावे?

रसायन

पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर देतो. सोयामुळे थायरॉइडच्या गोळीतल्या लेव्होथायरॉक्सिन या औषधाचे शोषण कमी होऊ शकते, म्हणून गोळी आणि सोया यांच्यात काही तासांचे अंतर ठेवतात. गोळी सकाळी उपाशीपोटी घेतली जात असेल तर सोया दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणात ठेवणे सोयीचे पडेल. पण आहारात सोया नव्याने आणि रोज येणार असेल तर पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांच्या कानावर ते जरूर घालावे, कारण त्यांना मात्रा बदलावी लागू शकते. संप्रेरकांविषयीची भीती सोयातल्या आयसोफ्लेव्होन या द्रव्यांवरून आली आहे. त्यांची रचना इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाशी थोडी मिळतीजुळती असते, पण नेहमीच्या आहारातल्या प्रमाणाने पुरुषांचे टेस्टोस्टेरॉन हे पुरुष-संप्रेरक घटते असे माणसांवरच्या चाचण्यांत दिसलेले नाही. रोज ५० ग्रॅम वड्यांनी घाबरण्याचे कारण नाही.

तागडी

पातेल्याचा हिशेब असा करा. रिकाम्या पातेल्याचे वजन एकदाच करून ते कुठेतरी लिहून ठेवा. डाळ शिजवण्याआधी कोरडी मोजा. समजा ती २४० ग्रॅम भरली. शिजवून, फोडणी देऊन, पाणी घालून सगळे झाल्यावर पातेले पुन्हा काट्यावर ठेवा आणि त्यातून रिकाम्या पातेल्याचे वजन वजा करा. समजा आत १२०० ग्रॅम पदार्थ आहे. म्हणजे शिजलेल्या प्रत्येक ५ ग्रॅममागे १ ग्रॅम कोरडी डाळ आहे. तुमच्या वाटीत ३०० ग्रॅम घेतले तर ती ६० ग्रॅम कोरडी डाळ झाली आणि प्रथिने साडेचौदा ग्रॅम. फोडणीचे तेलही याच प्रमाणात वाटले जाते, तेव्हा तेही आधी मोजून घाला. शिजवलेल्या डाळीचे तयार आकडे जिथे तिथे छापलेले असतात, ते वापरू नका; त्यांच्या पातेल्यात किती पाणी होते हे आपल्याला माहीत नसते, आणि पातळ डाळीला घट्ट डाळीचा आकडा लावला की कागदावर प्रथिने दीडपट दिसू लागतात. वाढण्यापूर्वी पातेले तळापासून नीट ढवळून घ्या, नाहीतर वरचे पाणी एकाच्या वाटीत जाईल आणि खालची डाळ दुसऱ्याच्या.